कार्बोरेटर बदलण्याआधी

ऐन कोळपणीत पेट्रोलचा पॉवर वीडर गचके खाऊ लागला की सल्ला मिळतो : कार्बोरेटर बदला. घाई करू नका. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते. हंगामभर टाकीत राहिलेले पेट्रोल बिघडते, जेटमध्ये चिकटा धरतो. चोक ओढल्यावर इंजिन सुधारले, तर बहुधा जेटच चोंदला आहे. जुने पेट्रोल काढा, जेट साफ करा, एअर फिल्टर व प्लग पाहा. हंगाम संपताच टाकी रिकामी करा.

इथेनॉल आपल्याच उसा-मक्याचे. त्याला विरोध नाही. पण कोणते यंत्र कोणत्या पेट्रोलवर चालेल, हे विकणाऱ्याने मराठीत लिहून दिलेच पाहिजे. ही मागणी जिल्हा बैठकीत मांडा.