पद्मिनीचे हेड उतरवताना

पेढीमागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी अजूनही काही व्यापारी घरांत आढळते. ती विकून टाकावी असे तरुण म्हणतात, आणि थोरले तो विषय उद्यावर ढकलतात. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी; मूळची इटलीची फियाट ११००. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन इतके साधे, की निगुतीने काम करणाऱ्याला ते घरीच उघडता येते. अडचण साधेपणाची नाही, घाईची आहे.

आजार बहुधा घाटात कळतो. तापमानाचा काटा वर सरकतो आणि रेडिएटरमधले पाणी रोज थोडे कमी भरते. खाली जमिनीवर मात्र थेंब दिसत नाही. गोदामातला माल घटावा आणि विक्रीची नोंद कुठेच नसावी, तसा हा प्रकार. पाणी बहुधा आतच जाते. खालचा बिडाचा ब्लॉक आणि वरचे ॲल्युमिनियमचे हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. सिलिंडरमधल्या ज्वलनाचा दाब, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल या तिघांना ते एकमेकांपासून अलग ठेवते. ते फुटले की सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ निघते, किंवा तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. थंडीत थोडी साय निरोगी इंजिनातही दिसते. तेवढ्यावरून हेड उतरवू नये. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी भरले, तर संशय पक्का समजावा.

काम सुरू करायचे ते इंजिन पूर्ण थंड असतानाच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी तोंडावर येते, आणि गरम हेड सैल केल्यास ॲल्युमिनियम वाकते. आधी बॅटरीची तार काढावी, मग पाणी. त्यात कूलंट मिसळलेले असेल तर ते अंगणात किंवा गटारात सोडू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. पाणी गाळून वापरणाऱ्या घरांत हे वेगळे सांगायला नको, तरी झाकणाचा डबा हाताशी असलेला बरा.

कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, रॉकर शाफ्ट ही उतरवण्याची कामे सरळ आहेत. पुशरॉड मात्र पुठ्ठ्याला भोके पाडून, क्रमांक घालून त्यांत खोचून ठेवावेत. वर्षानुवर्षे जो ज्या जागी झिजला, त्याच जागी तो परत गेला पाहिजे. एकाचा जमाखर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडता कामा नये. हेडचे नट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. हेड चिकटून बसले तरी फटीत पेचकस घालून उचकटू नये. तेथे पडलेला एक ओरखडा पुढे पाण्याची वाट होतो.

खरे काम यानंतरचे, आणि कंटाळ्यामुळे उरकले जाते तेही हेच. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ते कोरडे घासून धूळ उडवू नये. ओले करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवावे. बोल्टांच्या भोकांत साचलेले पाणी व तेल टिपून घ्यावे, नाहीतर कसताना दाब अडकून ब्लॉकच तडकू शकतो. मग पोलादी सरळपट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरपी धरून खाली फिलर गेज सरकवून पाहावे. कमाल फट किती चालते हे गाडीच्या पुस्तिकेत असते. हिशेबाच्या वहीच्या एका पानाएवढी फटसुद्धा बहुधा जास्तच ठरते. हेड वाकले असेल तर ते फेसिंगसाठी लेथवाल्याकडे न्यावे, आणि बारीक तडा आहे का हेही तेथेच तपासून घ्यावे. गॅस्केट स्वस्त, फेसिंग त्याहून महाग. म्हणूनच ते टाळले जाते आणि काही महिन्यांत सगळे पुन्हा उघडावे लागते.

गॅस्केट फुटले ते का, हा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवायचा असतो. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले आहेत काय, पाण्याचा पंप झिजला आहे काय, थर्मोस्टॅट अडकला आहे काय? मूळ दोष तसाच राहिला तर नवे गॅस्केटही त्याच घाटात जाते.

बसवताना गॅस्केटची बाजू पाहावी. फियाटच्या अनेक गॅस्केटवर 'आल्तो' असे छापलेले असते. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'वर'. नट आता मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने कसावेत. हाताच्या अंदाजावर येथे कोणीही विसंबू नये, मिस्त्रीनेसुद्धा. टॅपेटची फट जुळवून, तेल व फिल्टर बदलून इंजिन सुरू करावे. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला पहिल्या चालीनंतर, इंजिन थंड झाल्यावर, नट पुन्हा कसावे लागतात. पाकिटावरची सूचना त्यासाठी जपून ठेवावी.

पुढचा आठवडाभर रोज सकाळी, गाडी थंड असताना, रेडिएटरची पातळी वहीत लिहावी. सात दिवस आकडा हलला नाही तर ताडपत्री घडी करून ठेवायला हरकत नाही.