फिल्टर लावला, आता बोलणार कोण?



१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा माध्यमांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही. अशी खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे आणि त्यात कसूर झाल्यास चार कोटी पंचाण्णव लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना किंवा आईवडिलांना मात्र कसलीही शिक्षा नाही. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एकच उद्गार ऐकू येत होता, "चला, सुटलो एकदाचे!"

हा सुस्कारा मला समजतो. माझ्या घरात अकरा वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा मुलगा आहे. पण हा सुस्कारा घाईचा आहे, असे माझे मत आहे. कायदा खात्यांपुरता आहे. व्हॉट्सअ‍ॅप त्यात नाही. कायदा लागू झाला तेव्हा जाहीर झालेल्या दहा माध्यमांत रोब्लॉक्स आणि डिस्कॉर्डही नव्हते. यूट्यूब खात्याशिवायही पाहता येते आणि तसे पाहिले की पालकांनी मुलाच्या खात्यावर घातलेली बंधने आपोआप निरुपयोगी ठरतात. तेव्हा घरात इंटरनेटला कोणती चाळणी लावायची, हा प्रश्न सरकारने सोडवलेला नाही. तो आपल्या घरीच आहे.

या देशाने हा प्रश्न पैसे टाकून सोडवण्याचा प्रयत्न एकदा केलेला आहे. ऑगस्ट २००७ मध्ये हॉवर्ड सरकारने 'नेटअलर्ट' योजनेखाली प्रत्येक कुटुंबाला फिल्टरचे सॉफ्टवेअर फुकट देऊ केले. त्यासाठी सुमारे साडेआठ कोटी डॉलर राखून ठेवले होते. योजना जाहीर झाली आणि काही दिवसांतच मेलबर्नमधल्या सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने अर्ध्या तासात तो फिल्टर निकामी करून दाखवला. सरकारने घाईने दुसरा, ऑस्ट्रेलियात बनलेला फिल्टर पुढे केला. तो त्याने चाळीस मिनिटांत उलगडला. यातली खरी गंमत पुढेच आहे. फिल्टर बंद पडला तरी पडद्यावरचे त्याचे चिन्ह जागच्या जागी राहत होते, म्हणजे आईवडिलांना वाटावे की पहारा चालू आहे! हा मुलगा काही टवाळखोर नव्हता. सायबर सुरक्षेवरच्या चर्चेत त्याने आधी भाग घेतला होता आणि त्याचे म्हणणे असे होते की, सरकारला मूळ मुद्दाच कळलेला नाही. मुलांना खरा त्रास होतो तो एकमेकांच्या छळवणुकीचा आणि चॅटवरच्या अनोळखी माणसांचा. ही योजना २००८ च्या अखेरीस गुंडाळली गेली.

त्यानंतरच्या लेबर सरकारने संपूर्ण देशाच्या इंटरनेटलाच सक्तीचा फिल्टर लावण्याचा घाट घातला. मार्च २००९ मध्ये विकिलीक्सने बंदी घालायच्या संकेतस्थळांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात क्वीन्सलंडमधल्या एका दंतवैद्याचे संकेतस्थळही निघाले. वर्षानुवर्षे वाद चालला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मंत्री स्टीफन कॉनरॉय यांनी तो बेत सोडला. पुढे एप्रिल २०१३ मध्ये आर्थिक गैरव्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे एसिकने, एक फसवणुकीचे संकेतस्थळ अडवायला सांगितले आणि त्याच पत्त्यावरची बाराशेच्या आसपास निरपराध संकेतस्थळे बंद पडली. त्यात 'मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी' ही विनामूल्य व्याख्याने भरवणारी संस्थाही होती.

अशा चुका का होतात, हे समजायला संगणकशास्त्राची गरज नाही. मी निदान-चाचण्यांच्या क्षेत्रात काम करते आणि आमच्याकडे हे गणित पहिल्या वर्षी शिकवतात. समजा, एखादे मूल महिन्याला दोन हजार पाने उघडते आणि त्यातली वीस खरोखर वाईट आहेत. समजा, फिल्टर इतका चांगला आहे की शंभरातली पंचाण्णव वाईट पाने पकडतो आणि शंभर चांगल्या पानांत चूक फक्त दोनदाच करतो. मग तो वीसपैकी एकोणीस वाईट पाने अडवेल, एक सुटेल, आणि सोबत सुमारे चाळीस चांगली पानेही अडवेल. म्हणजे मुलाला "हे पान बंद आहे" असे दिसते तेव्हा तीनांतल्या दोन वेळा फिल्टर चुकलेला असतो. चार वेळा असे झाले की मुलाच्या लेखी फिल्टरचा शब्द खोटा पडतो आणि ते पळवाट शोधू लागते. वाईट गोष्ट दुर्मिळ असली की चांगली चाचणीसुद्धा अशीच वागते.

याचा अर्थ फिल्टर लावू नये असा नाही. आमच्या घरी तो आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊ लागले की आपल्याकडे नळाच्या तोंडाला फडके बांधत. फडक्याने गाळ अडतो, कावीळ अडत नाही. पिण्याचे पाणी उकळावेच लागते. फिल्टरचे तसेच आहे. सहा-सात वर्षांचे मूल डायनोसॉर शोधता शोधता भलत्याच ठिकाणी पोहोचू नये, एवढे काम तो चोख करतो आणि ते काम मोलाचे आहे. सोपा उपाय म्हणजे राउटरमधला डीएनएस बदलणे. डीएनएस ही इंटरनेटची पत्त्यांची वही आहे. नाव सांगितले की ती पत्ता देते. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही वही वापरली की अश्लील आणि घातक संकेतस्थळांचे पत्ते ती देतच नाही. याला पैसे पडत नाहीत आणि घरातला टीव्हीसुद्धा त्याखाली येतो. फोनवर अ‍ॅपलचे स्क्रीन टाइम किंवा गुगलचे फॅमिली लिंक आहे.

आता या फडक्याची भोकेही पाहून घ्या. मुलाने वायफाय सोडून मोबाइल डेटा लावला की राउटरचा फिल्टर संपला. व्हीपीएन लावले की संपला. वहीला फक्त संकेतस्थळाचे नाव दिसते. रीतसर अ‍ॅपच्या आत कोण कोणाला काय लिहितो आहे ते तिला दिसत नाही. मजकूर तपासणाऱ्या एका अ‍ॅपवर मी घरी एक प्रयोग केला. इंग्रजी शिवी टाइप केली, लगेच सूचना आली. मग आपल्याकडच्या चार अस्सल मराठी शिव्या आधी देवनागरीत आणि मग रोमन लिपीत घातल्या. अ‍ॅप शांत! आणि सगळ्यांत मोठे भोक तर आपल्या मायेचे आहे. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा येतात, त्यांचा फोन कोणत्याही बंधनाशिवाय सोफ्यावर पडलेला असतो आणि नातवंडांना आजीचा पासवर्ड आजीपेक्षा चांगला पाठ असतो.

मुले मोठी होऊ लागली की धोक्याचे स्वरूपच बदलते. सध्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलग्यांना लक्ष्य करणारी खंडणी हा इथल्या पोलिसांच्या काळजीचा विषय आहे. अनोळखी 'मुलगी' गोड बोलते, फोटो मागवते आणि फोटो हाती पडताच पैसे मागते. नाहीतर सगळ्या मित्रांना पाठवीन म्हणते. यात एकही 'वाईट' संकेतस्थळ नाही, त्यामुळे फिल्टरला काही कळतच नाही. यावर काय करायचे ते ठरलेले आहे. पैसे द्यायचे नाहीत, संपर्क तोडायचा, पुरावा जपून ठेवायचा आणि फेडरल पोलिसांच्या बालशोषणविरोधी केंद्राकडे तक्रार करायची. २०२१ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यानुसार ई-सेफ्टी कमिशनर असे फोटो चोवीस तासांत काढून टाकण्याचा आदेश देऊ शकतात. यंत्रणा आहे, पण ती हलवण्यासाठी त्या मुलाने त्याच रात्री कोणाला तरी सांगायला हवे. आणि तो सांगेल का, हे त्याला आपली प्रतिक्रिया काय होईल असे वाटते त्यावर ठरणार आहे.

इथे आपण मराठी घरे अडतो. आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सांगितला गेला आणि घरी त्यावर कोणी बोलले नाही. ज्या वर्षी ऑस्ट्रेलिया फुकट फिल्टर वाटत होता, त्याच २००७ मध्ये महाराष्ट्रात आमदारांच्या गदारोळानंतर शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले. इथल्या मुलांना २०२३ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमातच संमती म्हणजे काय हे शिकवतात. ती शाळेत जे इंग्रजीत सहज बोलतात, ते घरी मराठीत बोलू शकत नाहीत. मराठीत त्यासाठी शब्द नाहीत, असे त्यांना वाटते.

शब्द आहेत. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी स्वच्छ मराठीत उत्तरे दिली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला ते हरले. शब्दांवर चालणारा फिल्टर 'समाजस्वास्थ्य'सारखे पानही अडवू शकतो. पाळीबद्दल शंका असलेली मुलगी, आपण इतरांसारखे नाही असे वाटणारा मुलगा, कोणी नको तिथे हात लावला हे कोणाला सांगावे हे शोधणारे मूल, हे सगळे त्याच दारावर अडतात. दार बंद आणि घरही गप्प, तर त्याने जावे कुठे?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही घरांत मुलीच्या फोनवर तिचे संदेश वाचणारे, ती कुठे आहे ते दाखवणारे अ‍ॅप असते. तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या भावाच्या फोनवर ते नसते. विचारले तर "काळजीपोटी" असे उत्तर येते. मग हळूच कळते की काळजी ती कोणाशी बोलते आणि त्याचे आडनाव काय याची आहे. ही सुरक्षा नव्हे. आपण भारतात मागे ठेवून आलो असे ज्याबद्दल म्हणतो, तेच इथे नव्या तंत्राने आणलेले आहे.

आमच्या घरी आम्ही पाळतो ते चार नियम देते. एक, फिल्टर उघड असावा. काय अडवले आहे, का अडवले आहे आणि आम्हाला काय दिसते, हे मुलांना माहीत आहे. लपून काही वाचले जात नाही. दोन, तो वयाबरोबर सैल व्हावा. धाकटीच्या फोनवर जे आहे त्यातले बरेचसे थोरल्याच्या फोनवर नाही, आणि मुलगा-मुलगी असा फरक नाही. तीन, चांगले पान अडले तर मुलांनी येऊन सांगायचे, आम्ही ते त्याच दिवशी उघडायचे. या निमित्ताने प्रश्न आमच्यापर्यंत येतात, हा मोठा फायदा आहे. चार, आणि हा सर्वांत महत्त्वाचा: काहीही घडले आणि येऊन सांगितले, तर फोन काढून घेतला जाणार नाही. आई-बाबांना सांगणे जमले नाही तर किड्स हेल्पलाइनचा १८०० ५५ १८०० हा क्रमांक फ्रिजवर लावलेला आहे.

शेवटी आपल्या मोठ्यांच्या फोनविषयी. मुलांना सोळा वर्षांपर्यंत थांबवणारा कायदा आला, पण कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारा विखार कोणी अडवत नाही. अमक्या धर्माच्या माणसाकडून भाजी घेऊ नका, आरक्षणवाल्या डॉक्टरकडे जाऊ नका, हे संदेश आपण जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचतो, हसतो आणि पुढे पाठवतो. मुले ऐकत असतात. त्यांच्या फोनला चाळणी लावण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर "हे खोटे आहे, मी पुढे पाठवणार नाही" असे काकांना त्याच ग्रुपवर लिहिताना मुलांनी आपल्याला एकदा तरी पाहायला हवे.

तुमच्या घरी काय पद्धत आहे, विशेषतः तुमची मुले त्याबद्दल काय म्हणतात, ते जरूर कळवा.