टेपवाल्यांनो, आधी तुमची मापं काढू द्या

माणसाची किंमत ठरवणारे सगळीकडे सारखेच. हातात टेप, खिशात घड्याळ, तोंडात गुणवत्ता. हा शब्द यांनी इतका चघळलाय की त्याचा चोथा झाला, तरी थुंकत नाहीत.

अमेरिकेत कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा दरवर्षी बाजार भरतो. तो फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर अंग आदळायचं. धंदेवाईक संघ पाळीपाळीने पोरं उचलतात. आदल्या साली सगळ्यात जास्त मार खाल्लेला संघ पहिला. पोराने संघ निवडायचा नाही, संघाने पोरगा निवडायचा. याला ड्राफ्ट म्हणतात. १९३६ पासून चालू आहे. त्याआधी इंडियानापोलिस शहरात तपासणी होते. उंची, वजन, पंज्याची रुंदी, हाताची लांबी. ४० यार्ड पळायला किती सेकंद. २२५ पौंडांची दांडी उताणं पडून किती वेळा ढकलतो. २२५ पौंड म्हणजे १०२ किलो. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो, मला ते वजन लगेच कळतं. ५० किलोची दोन पोती. आमच्याकडे टॅली क्लार्क पोती मोजतो, पाठ मोजत नाही. तिकडे पाठही मोजतात.

आणि वर सांगतात, घड्याळाला रंग दिसत नाही.

दिसत नाही? मग १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू का नव्हता? केनी वॉशिंग्टन १९३९ साली कॉलेज फुटबॉलचा राजा होता. ड्राफ्ट झाला, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. १९४६ साली दार उघडलं, तोवर गुडघे गेलेले. घड्याळ चालू होतं, पण हातात धरणारा गोरा होता. त्याने ते दाबलंच नाही.

आज त्या लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू काळे आहेत. बदललं म्हणता? डोकी आपटून मेंदू गेलेल्या जुन्या खेळाडूंना भरपाई द्यायची वेळ आली. तेव्हा डॉक्टरी तपासणीत काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी, असं धरून हिशेब लावला जात होता. मुळातच कमी, म्हणजे कमी झाली हे सिद्ध कसं करणार? म्हणजे पैसे नाहीत. हे बंद करू असं लीगने कबूल केलं ते २०२१ साली. विकत घेताना मांडी फुटपट्टीने मोजली, भरपाई देताना मेंदूची फुटपट्टीच आखूड केली.

हसू नका. आपल्या घरात बघा. पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखणारा चांभाराचा पोरगा. हिंदू संघाला बोलर पाहिजे होता, घेतला. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण झेलत होते, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कप्तानपद? कधीच नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळालं. बोटं पसंत, माणूस नापसंत. ही आपली निवड समिती.

आता माझ्या धंतोलीत या. यशवंत स्टेडियम तिथलंच, आणि हाडांचे डॉक्टरही तिथेच. पोट्टा पडला, गुडघ्याचा दोर तुटला. एका पोराचं त्याच आठवड्यात ऑपरेशन, सहा-आठ महिन्यांत परत मैदानात. दुसरा त्याच दवाखान्याखालून लंगडत घरी जातो, हळद लावतो. पुढल्या चाचणीत साहेब त्याच्या नावापुढे लिहितो : वेग कमी. खरंच कमी असतो! घड्याळ बरोबर सांगतं. पण घड्याळ कुठून सुरू केलं, ते कोण सांगणार बे? एका निवड चाचणीच्या दारात मी पाहिलंय, आधी बूट बघतात, मग क्लबचं पत्र, मग फी. पळायची पाळी आली तोवर अर्धी पोरं घरी गेलेली.

हे लोक उमेश यादवचं नाव लगेच तोंडावर फेकतील. नागपूरजवळच्या वलनीतल्या कोळसा खाणकामगाराचा पोरगा, २०११ साली कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला. आपल्याला अभिमान आहे. पण त्याच्या हातात लेदरचा चेंडू आला तो विशीच्या तोंडावर. तोवर टेनिसचा बॉल. एवढा वेग तुमच्या उंबऱ्याशी होता आणि तुमच्या घड्याळाला ऐकू आला नाही. त्याचं नाव घेऊन तुम्ही स्वतःच्या बहिरेपणाचा पंचनामा करताय.

आणि विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजचा खेळाचा मास्तर. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडताना दिसली, त्याने त्यांना चेंडू दिला. ना टेप, ना घड्याळ. त्या पोरांतून देशाकडून खेळणारे निघाले, पुढे त्यावर ‘झुंड’ सिनेमा आला. एका माणसाला रस्त्यावरून चालता चालता दिसलं ते समित्यांना दुर्बिणीतून का दिसलं नाही? कारण दुर्बीण पोरांकडे नव्हतीच.

गोदीचीच गोष्ट सांगतो. पूर्वी दारात माणसं उभी राहायची, मुकादम बोट दाखवायचा, त्याला काम. बाकीचे उपाशी. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा आला, मग नोंदणी झाली, पाळी ठरली. मुकादम सुधारला म्हणून नव्हे. कामगार भांडले म्हणून बोटाच्या वर यादी बसली.

तेच इथे पाहिजे. चाचणी वस्तीत घ्या. फी काढून टाका. बूट तुम्ही द्या. दुखापतीचा खर्च निवडणाऱ्याचा. प्रत्येक पोराचे आकडे भिंतीवर लावा, आणि नाही घेतलं तर का नाही, ते लिहून द्या.

दोस्तहो, पुढल्या चाचणीला तुम्हीही वही घेऊन जा. पोरांचे आकडे ते लिहितील. तुम्ही समितीचे लिहा. कोण, कुणाचा कोण, किती वाजता आला, किती पोरांकडे न बघता उठला. आणि ती वही त्याच भिंतीवर, त्यांच्या यादीशेजारी चिकटवा.