पत्र एकीकडे, लिफाफा दुसरीकडे

परवा एका संस्थेची वर्गणीची आठवण करून देणारी मेल आली. वर्गणी राहिली बाजूला, डोळे अडकले 'टू'च्या रकान्यात: थकबाकीदारांचे सगळे पत्ते तिथे उघड्यावर मांडलेले. (कोणाकोणाची थकली आहे हे आम्हा सर्वांना एकदमच कळले, ती करमणूक वेगळी.) हा पराक्रम प्रोग्रामचा, हे लगेच दिसत होते. गंमत म्हणजे मेल पोचायला त्या रकान्याची गरजच नसते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याच्या 'एसएमटीपी' पद्धतीचे नियम लिहिले, त्यात पत्र निराळे आणि लिफाफा निराळा. सर्व्हर लिफाफ्यावरचे, म्हणजे 'आरसीपीटी टू' या आज्ञेतले पत्ते बघतो. आतल्या पत्रावर कोणाचे नाव आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. 'बीसीसी' चालते ती याच जोरावर. पायथन भाषेतल्या 'सेंडमेल'ला तर पत्त्यांची यादी वेगळी द्यावी लागते. स्वल्पविराम घालून सगळे एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबले, की ते त्याला एकच पत्ता समजते. मग 'मला मेल आलीच नाही' असे लोक सांगतात आणि चक्क खरे सांगतात! माझे म्हणणे साफ आहे: प्रत्येकाला स्वतंत्र मेल जावी, लूप फिरवायला यंत्राला कंटाळा येत नाही. खरे पत्ते कोडमध्ये लिहिणाऱ्याचा कीबोर्ड काढून घ्यावा; त्यांची जागा सेटिंग्जच्या फायलीत. आणि चाचणीसाठी मनाला येईल तो जीमेलचा पत्ता ठोकू नये, तो कोणा बिचाऱ्याचा असतोच. एक्झाम्पल डॉट कॉम १९९९ पासून अशाच कामांसाठी राखून ठेवले आहे, ते वापरा.