विश्लेषण : आपला 'बंगला' इंग्लंडात जाऊन पेन्शनरांचं घर कसा झाला? आणि आता तो तिथं का बांधला जात नाहीये?

आपल्याकडे 'बंगला' हा शब्द एकटा येत नाही. बंगला, गाडी, दारात कुत्रा अशी सगळी रांगच लागते. निवडणूक झाली की कोणत्या मंत्र्याला कोणता बंगला मिळाला, याच्या बातम्या होतात. स्थळ बघताना 'स्वतःचा बंगला आहे' हे वाक्य जरा मोठ्या आवाजात सांगितलं जातं.

ब्रिटनमध्ये मात्र 'बंगलो' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं एक बुटकं, बैठं घर. दोन बेडरूम, पुढं हातभर बाग, खिडकीला जाळीचे पडदे आणि आत सत्तरीचं जोडपं. तिथं बंगल्याची अट श्रीमंती नाही, जिना नसणं ही आहे. त्यामुळे लंडनच्या उपनगरातल्या भाच्यानं 'बंगलो घेतला' असा मेसेज टाकला, तर पेढे वाटण्याआधी कार्पेट एरिया विचारून घ्या.

विषय आत्ता का?

ब्रिटनमधल्या लेबर सरकारनं या संसदेच्या कार्यकाळात इंग्लंडमध्ये 15 लाख घरं बांधण्याचं लक्ष्य ठेवलंय. लोकसंख्या म्हातारी होतेय, गुडघे कुरकुरणाऱ्यांची संख्या वाढतेय आणि बैठ्या घरांना मागणी आहे. तरीही नव्यानं बांधल्या जाणाऱ्या शंभर घरांत बंगले जेमतेम एखाद-दुसरे असतात. इंग्लंडमध्ये आज सुमारे 20 लाख बंगले उभे आहेत. त्यांतले बरेचसे आजोबा-पणजोबांच्या काळातले, म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या 20 वर्षांतले किंवा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही दशकांतले आहेत.

मग त्या काळात असं काय घडलं होतं की एवढे बंगले उभे राहिले?

बंगालची झोपडी, केंटचा समुद्रकिनारा

शब्द आपल्याच बाजूचा आहे. 'बंगला' म्हणजे बंगाली पद्धतीचं घर : एकमजली, उतरत्या छपराचं, भोवती व्हरांडा. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी ते उचललं, फुगवलं आणि त्याला साहेबाचं घर करून टाकलं. आपल्या मराठीत बंगल्याला जो रुबाब चिकटला, तो या साहेबी अवताराचा.

इंग्लंडात हा प्रकार पोचला 1869-70 च्या सुमारास. केंट परगण्यात वेस्टगेट आणि बर्चिंग्टन या समुद्रकाठच्या गावांत जॉन टेलर या वास्तुरचनाकारानं पहिले बंगले बांधले. ती सुट्टीत हवापालटासाठी जायची पैसेवाल्यांची घरं होती. कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोसेटी आजारपणात बर्चिंग्टनच्या अशाच एका बंगल्यात राहायला आला आणि एप्रिल 1882 मध्ये तिथंच वारला.

म्हणजे सुरुवात इंग्लंडातही श्रीमंतीतच झाली. ती उतरली पहिल्या महायुद्धानंतर.

550 चौरस फूट : आकडा ओळखीचा वाटतोय?

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये घरांची भयंकर टंचाई होती. 1923 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन (हो, पुढं हिटलरशी म्युनिक करार करणारे तेच) यांनी घरबांधणी कायदा आणला. ठरावीक आकारात बसणाऱ्या प्रत्येक नव्या घरामागं सरकार वर्षाला 6 पाउंड, असं 20 वर्षं अनुदान देणार होतं, आणि खासगी बिल्डरांनी बांधलेल्या घरांनाही त्याचा लाभ होता. दुमजली घरासाठी मर्यादा होती 620 ते 950 चौरस फूट. एकमजली घरासाठी 550 ते 880. घरात पक्का बसवलेला बाथटबही हवा, अशी अट होती.

सामान्य माणसाच्या बंगल्याचं माप या कायद्यानं जवळपास ठरवूनच टाकलं. मुंबईत वन-बीएचके शोधलेल्या माणसाला हे आकडे वेगळे समजावून सांगायला नकोत. फरक एवढाच की तिथं एवढ्याच जागेला चारही बाजूंनी आभाळ आणि स्वतःची माती मिळत होती.

1927 मध्ये अनुदान कमी झालं, 1929 मध्ये बंद झालं. पण तोवर बिल्डरांना सवय लागली होती. 1932 मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं व्याजदर 2 टक्क्यांवर आणला, बिल्डिंग सोसायट्यांची कर्जं स्वस्त झाली आणि मंदीमुळं शेतजमीन कवडीमोलानं विकली जात होती. 1919 ते 1939 या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 40 लाख घरं उभी राहिली. कारकून, शिक्षक, दुकानदार, निवृत्त पोलीस अशा माणसांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर दार मिळालं.

घर आतून कसं असायचं?

साच्यातून काढल्यासारखं. मधोमध दार, दोन्ही बाजूंना पुढं आलेली बे विंडो, वर चारही बाजूंनी उतरणारं छप्पर. दारातून आत गेलं की अरुंद हॉल. पुढं एक बैठकीची खोली आणि एक बेडरूम, मागं दुसरी बेडरूम, स्वयंपाकघर आणि बाथरूम. खोलीत कोळशाची शेगडी. बाहेरच्या भिंतीवर बारीक खडे मारलेला गिलावा, ज्याला तिथं पेबलडॅश म्हणतात. त्याचा एक फायदा असा की आतल्या स्वस्त विटा झाकल्या जायच्या. दाराच्या वरच्या काचेत रंगीत उगवता सूर्य, कारण सगळ्याच घरांना थोडी हौस परवडते.

आपला व्हरांडा मात्र वाटेत कुठंतरी आटला. पावसाळी, थंड हवेत त्याचा उपयोग काय? तो दारावरच्या छोट्याशा पोर्चएवढा उरला.

बैठ्या घराचा एक तोटा तेव्हा कुणी फार मोजला नाही. दुमजली घराच्या तुलनेत तेवढ्याच जागेसाठी इथं दुप्पट छप्पर आणि दुप्पट पाया लागतो. उष्णता छपरातून आणि जमिनीतून निसटते. कोळसा स्वस्त होता तोवर ठीक होतं. आज पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या हीटिंगच्या बिलात ते दिसतं. काही बंगल्यांच्या छपरावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आणि कौलं आहेत, ती काढणं हा वेगळाच खर्च.

मग लोक एवढे चिडले का?

ससेक्समधलं पीसहेवन हे गाव या सगळ्या रागाचं प्रतीक बनलं. चार्ल्स नेव्हिल नावाच्या उद्योजकानं 1916 मध्ये, ऐन युद्धात, समुद्राकाठच्या कड्यावरच्या नियोजित गावाला नाव सुचवण्याची स्पर्धा ठेवली. हजारोंना उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून 'मोफत' प्लॉट लागला. फक्त कागदपत्रांसाठी 3 गिनी भरा! (आपल्याकडच्या 'तुम्ही लकी ड्रॉ जिंकलात' मेसेजचे पूर्वज इथं सापडतात.) 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्रानं त्याला कोर्टात खेचलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि तोवर गावाची देशभर फुकट जाहिरात झाली.

पीसहेवनमध्ये मोकळ्या टेकडीवर चौकोनी आखलेले रस्ते आणि त्यांवर विखुरलेले बंगले उभे राहिले. अभिजनांना हे बघवेना. वास्तुरचनाकार क्लफ विल्यम्स-एलिस यांनी 1928 मध्ये 'इंग्लंड अँड द ऑक्टोपस' हे पुस्तक लिहून गावोगाव पसरणाऱ्या अशा बांधकामांवर तोंडसुख घेतलं. गाठ वाढावी तशी बंगल्यांची वाढ, या अर्थाचा 'बंगलॉइड' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. अनेक ठिकाणी ना पक्के रस्ते होते, ना गटारं. पण कोणाचा समुद्रकाठचा बंगला निसर्गात शोभतो आणि कोणाचा खुपतो, यात उत्पन्नाचा वाटा मोठा होता. बर्चिंग्टनच्या बंगल्यांना कुणी गाठ म्हटलं नव्हतं.

या रागाचे कायदे झाले. 1935 मध्ये हमरस्त्यांच्या कडेनं पट्टीसारखी घरं बांधण्यावर निर्बंध आले. 1947 च्या नगररचना कायद्यानं तर जमीन मालकीची असली तरी बांधकामाचा हक्क सरकारी परवानगीवर अवलंबून केला. शहरांभोवती ग्रीन बेल्ट आला. बंगले त्यानंतरही बरीच वर्षं बांधले गेले, पण जमीन आता मोजूनमापून मिळत होती.

गणित साधं आहे

80 चौरस मीटरच्या बंगल्याला जमिनीवर 80 चौरस मीटर जागा लागते. तेवढंच दुमजली घर 40 मध्ये उभं राहतं. घराच्या किमतीतला मोठा भाग जमिनीचा असेल, तर बिल्डर काय बांधेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या बंगल्यांच्या जागी इमारती का आल्या, त्याचं उत्तरही याच गणितात आहे.

नवे बांधत नाहीत, म्हणून जुन्यांची किंमत वाढते. आणि ते विकत घेणारं तरुण कुटुंब बहुतेक वेळा छप्पर उचलून वर खोल्या काढतं. जिना आला की म्हाताऱ्यांसाठीचं एक घर कमी झालं.

इथं नियमांची एक गंमत आहे. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये पूर्ण नियोजन परवानगीशिवाय, मर्यादित तपासणीनंतर घरावर मजला चढवायला मुभा मिळाली. पण ती 1 जुलै 1948 नंतर बांधलेल्या घरांनाच आहे. म्हणजे दोन महायुद्धांच्या मधले बंगले त्यातून वगळले गेले. कुणालाही वारसा वाटत नसलेल्या या घरांना एका तारखेमुळं थोडंसं संरक्षण मिळालं.

थोडंसंच, कारण माळ्यावर खोली काढण्याचा जुना नियम त्यांनाही लागू होतो. साधारणपणे स्वतंत्र घराला छपरात 50 घनमीटरपर्यंत भर घालायला अशी परवानगी लागत नाही. एक बेडरूम, एक बाथरूम आणि तिथपर्यंत जाणारा जिना तेवढ्यात आरामात बसतो.