राख वरून गेली, तयारी उघडी पडली

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत त्याची राख गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे पोहोचली. काही विमानं रद्द झाली. इथं यशवंतपूरला आकाश नेहमीसारखंच होतं, फोन मात्र थांबेना. साताऱ्याहून माझे एक जुने सुभेदार विचारत होते, "साहेब, राख पडणार म्हणे. दारं-खिडक्या लावून घेऊ का?"

"नको, ती फार उंचावरून चाललीय," मी म्हणालो. उत्तर बरोबर होतं. राख पुढे चीनकडे निघून गेली.

पण फोन ठेवला आणि बराकीची करतो तशी स्वतःच्या घराची तपासणी केली. गच्चीवरच्या टाकीचं झाकण अर्धवट. मास्क एकच, तोही करोनाच्या वेळचा, रबर सैल झालेला. आईला दमा आहे आणि तिचा इन्हेलर संपत आलेला. जवानांच्या तुकडीची तयारी तोंडपाठ सांगणारा अधिकारी घरी नापास झाला.

कुणी म्हणेल, बंगळुरूत कसला ज्वालामुखी? मान्य. पण पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी गावाजवळ सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. राख हजारो किलोमीटर येऊ शकते, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. अंदमानातलं बॅरन बेट तर आजही जागं आहे. सप्टेंबर २०२५ मध्येही तिथं उद्रेक झाला. तिथून साधारण १४० किलोमीटरवर पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचं श्रीविजयपुरम. तिथं आपली कुटुंबं राहतात.

ही राख चुलीतली नव्हे. ती दगड आणि काचेचे बारीक कण असते. पाण्यात विरघळत नाही, डोळ्याला ओरखडे पाडते, भिजली की फार जड होते. १९९१ साली फिलिपिन्समध्ये पिनातुबो फुटला तेव्हाच वादळी पाऊस आला. भिजलेल्या राखेच्या वजनानं छपरं कोसळली आणि त्याखाली अनेक माणसं गेली. उलट जपानच्या कागोशिमात साकुराजिमाची राख वारंवार पडते. लोक ती पालिकेनं दिलेल्या पिवळ्या पिशव्यांत भरून ठरलेल्या जागी ठेवतात. घबराट नाही, थट्टाही नाही. याला मी ड्रिल म्हणतो.

आमच्या घराची यादी अशी झाली. माणशी दोन एन-९५ मास्क आणि एक बंद चष्मा. तीन दिवसांचं पिण्याचं पाणी, आठवड्याची औषधं, चार्ज केलेली बॅटरी. गच्चीवरच्या टाकीला आणि 'संप'ला घट्ट झाकण. (इथं जमिनीखालच्या टाकीला संप म्हणतात, मराठी माणसाला आधी बंदच आठवतो.) गच्चीवरचं पावसाचं पाणी संपमध्ये आणणारा पाइप सोडता आला पाहिजे. राख पडलीच तर घरात थांबायचं, दाराच्या फटीत ओलं फडकं, एक्झॉस्ट पंखा बंद. नंतर मास्क लावून, राखेवर हलकं पाणी शिंपडून ती गोळा करायची आणि पिशवीत भरायची. गटारात लोटायची नाही, नळ्या तुंबतात. गाडीच्या काचेवर कोरडा वायपर फिरवायचा नाही.

यातली एकही वस्तू वाया जाणार नाही. मार्केट यार्डाची धूळ, कारखान्याची आग, २०२४ च्या उन्हाळ्यासारखी पाणीटंचाई, सगळ्याला हीच यादी पुरते. म्हणून माझं मत असं, की संकटाच्या नावानं नव्हे, घराच्या गरजेनं तयारी करावी.

आणि ती आपल्या डोक्यात ठेवून उपयोग नाही. संकट येतं तेव्हा फौजी बहुधा घरी नसतो. यादी मराठीत लिहून फ्रिजवर लावली. आईनं ती वाचली आणि विचारलं, "टाकीचं झाकण कधी बसवतोस?"

रविवारी बसवलं. मग सुभेदारसाहेबांना उलट फोन केला. "खिडक्या उघड्याच ठेवा, पण मास्क आणि औषधं आजच आणून ठेवा."