समुद्रतळाला कोटी, संशोधकाला अकरा महिने

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि उरलेल्या ५७ माणसांचा शोध चौथ्या दिवशी थांबविण्यात आला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सांगितले. शासनाला हा आपला बचाव वाटला असावा. वस्तुतः तो कबुलीजबाब होता. ३० जुलै २०१४ रोजी मालीणमध्ये १५१ माणसे गेली. २०२१ च्या जुलैत तळिये गावात ऐंशीहून अधिक गेली. इतके होऊनही सह्याद्रीचा उतार न् उतार पायांखाली घालणारी, मातीची खोली आणि पाण्याची वाट तपासणारी माणसे शासनाच्या पदरी का नसावीत?

माणसे नाहीत, असे तर मुळीच नाही. पुणे, नागपूर, सोलापूर, नांदेड आणि गोवा या विद्यापीठांतून दरवर्षी भूविज्ञान व सागरविज्ञान शिकलेले तरुण-तरुणी पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यापुढे अमर्याद संधी वाढून ठेवल्या आहेत, असे व्यासपीठांवरून सांगण्यात येते. ‘नील अर्थव्यवस्था’ हा नवा मंत्र आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खोल सागर मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी पाणबुडी बांधण्याचे आणि मध्य हिंदी महासागराच्या तळावरील बहुधातू गोटे वर काढण्याचे तंत्र सिद्ध करण्याचे हे काम आहे. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. ज्ञान खोल पाण्यातूनही आणावेच लागते. परंतु या कोट्यवधींच्या प्रकल्पांवर राबणाऱ्या तरुणाला जे नेमणूकपत्र मिळते ते एकदा वाचून पाहावे. पद निव्वळ तात्पुरते. मुदत वर्षाची किंवा प्रकल्प संपेपर्यंतची. कायम नेमणुकीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही. राज्याच्या कचेऱ्यांत हीच मुदत अकरा महिन्यांची होते, कारण बारावा महिना भरला की हक्काची भाषा सुरू होईल अशी धास्ती असते. महाविद्यालयात शिकवावे म्हटले तर तेथे तासिका तत्त्व आहे: जितके तास, तितके पैसे. उन्हाळ्याच्या सुटीत खडक आणि लाटा बहुधा रजेवर जात असाव्यात.

संशोधनाच्या वाटेवरही हाच चाळणीचा खेळ आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रह या साऱ्या विज्ञानांची मिळून एकच प्रश्नपत्रिका असते, तीही इंग्रजीत व हिंदीत. तीतून पार पडणाऱ्या मोजक्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. जे ती पाठ्यवृत्ती न मिळवता केंद्रीय विद्यापीठांत डॉक्टरेट करतात, त्यांच्यासाठी २०१२ साली ८,००० रुपये ठरले आणि महागाई कोठून कोठे गेली तरी तो आकडा दशकभर हलला नाही. रक्कम वेळेवर हाती पडेल याचीही शाश्वती नसते. या धंद्यात आरंभीच पायपीट आहे, भाडे आहे, होडीचा खर्च आहे. घरून पैसे मागविता येतात तो महिना काढतो. हर्णैच्या कोळ्याची मुलगी किंवा अकोल्याच्या ठाकर आदिवासीचा मुलगा ही शिक्षा किती महिने सोसणार? ज्यांच्या घरात वारा, भरती आणि डोंगर पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, तीच मुले या शास्त्रांतून गळून पडावीत, याला गुणवत्ता म्हणावयाचे काय?

हे असेच चालणार, जगभर आता कंत्राटच आहे, असे सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनी या देशाचाच थोडा इतिहास आठवावा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोना पावलला स्थिरावली. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ साली समुद्रतळावरील गोटे पहिल्यांदा वर आणले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. नागपूरच्या अदिती पंत या संस्थेतच काम करीत होत्या. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पोहोचल्या, आणि भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या त्या दोघी पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. दर मार्चला ‘पुढच्या वर्षी आपण असू की नाही’ या घोरात राहून असली कामे उभी राहत नाहीत.

महाराष्ट्राचा दाखला तर याहून बोलका आहे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी, दुष्काळाच्या झळांत, राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. जिल्ह्याजिल्ह्यांत भूवैज्ञानिक नेमले गेले. बेसॉल्टच्या कातळात पाणी कोठे मुरते, कोठे नाही, याचे आज आपल्याला जे ज्ञान आहे, ते फार मोठ्या प्रमाणात या माणसांच्या पायपिटीतून आणि हजारो निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून आलेले आहे. विहिरीची पातळी अकरा महिने मोजून काही कळत नाही. ती तीस वर्षे मोजावी लागते, आणि तीस वर्षे मोजणारा हात नोकरीत टिकावा लागतो. दुष्काळात जे राज्याला सुचले, ते दरडींच्या बाबतीत का सुचू नये?

शासनाने हात आखडला की उरते ती खाजगी चाकरी. खाणी आहेत, तेल आहे, आणि सर्वांत सुलभ म्हणजे सल्लागार कंपन्या. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल प्रकल्प उभारणारानेच सल्लागार नेमून, त्याला पैसे देऊन करून घ्यावयाचा असतो. म्हणजे आरोपीने स्वतःच न्यायाधीशाचा पगार द्यावा अशी ही सोय. या अहवालांसाठी नमुने गोळा करणारा तरुण अप्रामाणिक असतो असे नाही; त्याने काय मोजावे आणि कोठे थांबावे हे दुसराच ठरवितो, इतकेच. जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला ७६,००० कोटींहून अधिक खर्चाची मंजुरी मिळाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे. भरावानंतर प्रवाह कोठे वळतील, गाळ कोठे बसेल, मासळी कोठे जाईल, हे डहाणू-पालघरचे मच्छीमार विचारीत आहेत. बंदराच्या पैशावर न जगणारा सागरवैज्ञानिक त्यांनी कोठून आणावा? एवढ्या खर्चाच्या राज्यात मच्छीमारांच्या बाजूने मोजमाप करणारी दहा कायम पदे निघू नयेत, यात दारिद्र्य तिजोरीचे नाही.

यात चळवळीचाही दोष आहे. बेकारीविरुद्धचे मोर्चे आकड्यांवर निघाले: इतके बेकार, इतकी रिक्त पदे. कोणते काम समाजाला हवे आणि ते आज कोण करीत नाही, हा प्रश्न मोर्चात क्वचितच आला. धरणग्रस्तांच्या आणि मच्छीमारांच्या लढ्यांत निवृत्त प्राध्यापक पदरमोड करून नकाशे वाचून दाखवितात. विद्यार्थी संघटना मात्र फी आणि वसतिगृह यांपुढे सहसा जात नाहीत. दोन्ही लढे एकाच मांडवात आणावे लागतील. दरडप्रवण आणि किनारपट्टीच्या प्रत्येक जिल्ह्यात कायम वेतनावरील भूवैज्ञानिक व सागरवैज्ञानिक, त्यांचे अहवाल मराठीतून ग्रामसभेपुढे, आणि संशोधक विद्यार्थ्याची वृत्ती मजुरीप्रमाणे महिन्याच्या महिन्याला, एवढे तरी मागितलेच पाहिजे.

आणि पावसाळा येण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन एक माहिती लेखी मागावी: या जिल्ह्यातील डोंगरउतारांवर लक्ष ठेवण्यासाठी कायम नोकरीत असलेले भूवैज्ञानिक किती, आणि गेल्या वर्षभरात ते कोणकोणत्या वाड्यांवर जाऊन आले?